खालची अँकरची ओळ गाळू नका: बेसमेंटच्या ‘तात्पुरत्या’ भिंतीबद्दल

प्रश्न एका तरुण साईट इंजिनिअरचा आहे. मुंबईच्या उपनगरात पुनर्विकासाचं काम, तीन बेसमेंट, 12 मीटर खोदाई. कडेने 600 मिमी व्यासाचे टच पाइल, म्हणजे एकमेकांना खेटून जमिनीत ओतलेले काँक्रीटचे खांब, कातळात दीड मीटर सॉकेट, म्हणजे तेवढे रुतलेले. बोअर लॉगप्रमाणे, म्हणजे भोक मारून घेतलेल्या थरांच्या नोंदीप्रमाणे, वर अडीच मीटर भराव, त्याखाली साडेतीन मीटर काळा समुद्री चिखल, मग तीन मीटर मुरूम आणि कुजका कातळ, आणि 9 मीटरवर ब्रेशिया, म्हणजे दगडाच्या तुकड्यांचा घट्ट कातळ. पाणी 2 मीटरवर. ड्रॉइंगवर अँकरच्या, म्हणजे भिंतीला मागच्या जमिनीत ताणून धरणाऱ्या पोलादी तारांच्या, दोन ओळी आहेत, 3 मीटरवर आणि साडेसहा मीटरवर. पहिली ओढून लॉक झाली, खोदाई साडेपाच मीटरपर्यंत आली. एका अंगाला सीमेपासून 3 मीटरवर चाळीसेक वर्षांची चार मजली सोसायटी. साहेब म्हणतात, भिंत तात्पुरती आहे, वर्षभरात बेसमेंटचे स्लॅब येतील, दुसरी ओळ गाळू आणि पावसाआधी खाली जाऊ. तर विचारणं असं: ओळ गाळली तर चालेल का? दोन पाइलच्या मधून ओल येते, तिथे नुसतं प्लॅस्टर मारू का? आणि कॅपिंग बीम, म्हणजे पाइलच्या डोक्यांना जोडणारी तुळई, 18 मिमी आत आला आहे, मर्यादा 25 आहे, म्हणजे अजून जागा आहे ना?

पहिल्याचं उत्तर नाही. दुसऱ्याचं, मारू नका. तिसऱ्याचं, जागा आहे असं वाटतं तेवढी नाही. आता का ते सांगतो.

‘तात्पुरती’ या शब्दाने आपल्या धंद्यात बरंच नुकसान केलंय. भिंत किती दिवस उभी राहणार एवढंच तो शब्द सांगतो. तिच्यावर भार किती येणार याच्याशी त्याचा संबंध नाही. मागची माती पहिल्या दिवशी जेवढी ढकलते तेवढीच तीनशेव्या दिवशी ढकलते. चिखल असेल तर पुढे पुढे थोडं जास्तच. तात्पुरत्या कामात सवलत मिळते ती गंजाच्या बाबतीत, भूकंपाच्या बाबतीत, सुरक्षिततेच्या गुणकात थोडीफार. आधार काढून टाकायची सवलत त्यात येत नाही.

साहेबांशी बोलताना तत्त्वज्ञान उपयोगाचं नाही, आकडे घेऊन बसा. ढोबळ गणित करू. कातळाच्या वरची माती 9 मीटर. तिचा घर्षणकोन सरासरी 30 अंश धरला तर आडवा दाब उभ्या दाबाच्या एक तृतीयांश. कोरडी माती घनमीटरला 18 किलोन्यूटन धरली, तर भिंतीच्या एका मीटर लांबीवर सुमारे 25 टन ढकल येते. आता मागे पाणी जमिनीलगत आलंय असं धरा, जुलैत ते येतंच. माती पाण्यात हलकी होते, पण पाणी स्वतः पूर्ण दाबाने ढकलतं, त्याला एक तृतीयांशची सूट नाही. बेरीज होते सुमारे 53 टन. माती तीच, भिंत तीच, फक्त पाणी आलं आणि भार दुपटीच्या वर गेला. चिखलाचं वागणं याहून वेगळं असतं आणि डिझायनर थराथराचा हिशेब वेगळा करतो, पण अंदाज यायला हे पुरे.

तुमचे अँकर दर दोन मीटरला असतील असं धरतो. म्हणजे दोन मीटरच्या पट्ट्यावर 106 टन. 12.7 मिमीच्या चार स्ट्रँडचा, म्हणजे पीळ दिलेल्या पोलादी तारांचा, अँकर असेल, तर एका स्ट्रँडची तुटण्याची ताकद साधारण 184 किलोन्यूटन, चारांची मिळून 75 टन. कामाचा भार त्याच्या 60 टक्के, म्हणजे 45 टन. दोन ओळी असतील तर अँकरचा 15 अंशांचा उतार वजा जाता दोघे मिळून 87 टन घेतात, उरलेले 19-20 टन टाचेच्या, म्हणजे पाइलच्या खालच्या टोकाच्या, कातळाकडे जातात. दिसायला व्यवस्थित वाटणी.

आता खालची ओळ पुसा. ढकलीचा मध्य 6 मीटर खोलीवर. वरचा अँकर 3 मीटरवर, टाचेचा आधार सॉकेटच्या मध्याशी, म्हणजे पावणेदहा मीटरवर. साधा समतोल मांडला की वरच्या अँकरवर 59 टन येतात, उताराचा हिशेब धरून 61. तुटायच्या ताकदीच्या 80 टक्क्यांवर गेलात. टाचेवर येतात 47 टन, आधीच्या दुपटीहून जास्त. आणि पाइलचा मधला गाळा साडेतीन मीटरचा होता तो 6 मीटरचा झाला. गाळ्याच्या वर्गाच्या प्रमाणात मोमेंट, म्हणजे पाइलला वाकवणारा जोर, वाढतो, म्हणजे जवळजवळ तिप्पट. पाइलमधलं लोखंड दोन ओळी धरून घातलेलं आहे, ते आता जमिनीत गाडलेलं आहे, वाढवता येत नाही.

साहेब म्हणतील, एवढं पाणी मागे साचतच नाही, टच पाइलमधून झिरपून जातं. अर्धं खरं आहे. त्या झिरपण्याकडे पुढे येतो, कारण ते जितकं वाचवतं तितकंच बुडवतंही.

त्याआधी टाच. मला तुमच्या प्रश्नात सगळ्यात जास्त खटकलं ते हे: सॉकेट दीड मीटर, म्हणजे पाइल संपतो साडेदहा मीटरवर. आणि खोदाई 12 मीटर. पाइलच्या टाचेखालून तुम्ही अजून दीड मीटर कातळ काढणार आहात. मुंबईत हे सर्रास चालतं, कारण ब्रेशियात खोल सॉकेट मारायला रिगचे दात आणि दिवस दोन्ही झिजतात. चालतं, पण एका अटीवर: टाचेसमोर कातळाचा ओटा, ज्याला आपण बेंच म्हणतो, तो शाबूत राहिला पाहिजे. मघाचे 47 टन याच ओट्यावर येणार आहेत. ओटा एक मीटरचा ठेवला आणि पुढचा कातळ ब्रेकरने ठोकून काढला, तर ड्रॉइंगवरचा एक मीटर प्रत्यक्षात तडे गेलेला अर्धा मीटर असतो. आणि बेसमेंटच्या भिंतीला जागा हवी म्हणून शेवटी कुणीतरी तोही तासायला सांगतं. हे मी इतक्या साईटवर पाहिलंय की आता पहिल्या भेटीतच विचारतो: बेंच कुठे संपतो आणि राफ्टची, म्हणजे इमारतीच्या पायाच्या जाड स्लॅबची, कड कुठे सुरू होते, दोन्ही एका कागदावर दाखवा. निम्म्या वेळा दोन रेषा एकमेकींवर चढलेल्या असतात, कारण शोअरिंगचं, म्हणजे खड्ड्याच्या आधाराचं, ड्रॉइंग एकाचं आणि आरसीसीचं दुसऱ्याचं.

तुम्ही हे उद्याच करा. रेषा चढत असतील तर टाचेजवळ अँकरची आणखी एक आखूड ओळ किंवा रॉक बोल्ट लागतील, आणि ते डिझायनरने आत्ता सांगितलेलं बरं. ओट्याची कड ठोकायच्या आधी तिथे जवळजवळ भोकांची ओळ मारून घ्या, म्हणजे ब्रेकरचा तडा ओट्यात शिरत नाही. कातळ उघडा पडला की जवळ जाऊन बघा. दुरून ब्रेशिया छान गुलाबी-राखाडी घट्ट दिसतो. जवळून त्यात खड्ड्याकडे उतरणारी एखादी फट असते, तिच्यात बोटभर ओली माती असते. बोट घालून बघा, खरंच. ती माती मऊ असेल तर वरचा अख्खा ठोकळा त्या मातीवर बसलेला आहे, आणि त्या ठोकळ्यावर तुमचा पाइल. ब्रेशियाऐवजी टफ किंवा शेल लागला तर घाई आणखी. हे दगड खोदताना कडक लागतात आणि दोन-चार दिवस ऊन-पाणी खाल्लं की भुसभुशीत होतात. उघडले की त्याच दिवशी शॉटक्रीट, म्हणजे फवारून मारलेलं काँक्रीट.

आता ओल. टच पाइल म्हणजे पाइलला पाइल खेटून. कागदावर वर्तुळाला वर्तुळ टेकलेलं असतं. आपल्या पाइलच्या भारतीय मानकात, आयएस 2911 मध्ये, उभ्या पाइलला दीड टक्का तिरकेपणा मान्य आहे. 9 मीटरवर दीड टक्का म्हणजे 135 मिमी. शेजारचे दोन पाइल विरुद्ध दिशांना कलले तर खाली 270 मिमीची फट, आणि कंत्राटदार नियमातच आहे! भरावात जुन्या पायाचे दगड, विटा, लाकडं लागतात, रिग तिथे सरकतेच. म्हणून जिथे वाळू किंवा मऊ चिखल आणि पाणी एकत्र आहे तिथे सीकंट पाइल घेतात. आधी एक सोडून एक कमी ताकदीच्या काँक्रीटचे पाइल, मग मधले सळईचे पाइल त्या दोघांना कापत. मेट्रो-3च्या भुयारी स्थानकांच्या खोदाईत सीकंट पाइल वापरले ते याच कारणाने. खर्च जास्त, वेळ जास्त. तुमच्याकडे टच आहेत, आता त्यावर चर्चा नको. जे आहे ते सांभाळायचं.

ओल दिसली की पहिला प्रश्न, पाणी स्वच्छ आहे की गढूळ? एवढ्यावर सगळं अवलंबून आहे. काचेच्या पेल्यात ते पाणी धरा, कार्यालयात खिडकीत ठेवून द्या, तासाभराने बघा. तळाशी काही बसलं नसेल तर ते पाणी उपकारच करतंय, मागचा दाब कमी करतंय. त्याला नळी घालून वाट करून द्या. तळाशी गाळ बसला असेल तर भिंतीमागून माती निघून येतेय. आज चमचाभर, उद्या घमेलंभर, आणि वरून काहीच दिसत नाही, कारण मागे पोकळी होते आणि वरची फरसबंदी काही दिवस कमानीसारखी तग धरते.

एका कामावर मी हे जवळून पाहिलंय. जागा सांगत नाही. सकाळी सुपरवायझरचा फोन आला, साहेब, पाणी थांबलं. तो खूश होता. तीन आठवडे दोन पाइलमधून पाणी येत होतं, आदल्या संध्याकाळी गवंड्याने सिमेंट-वाळूचा गिलावा मारला आणि थांबलं. मी गेलो तेव्हा गिलावा मध्यभागी फुगला होता, थाप मारली तर डबक्यावर मारल्यासारखा आवाज. शेजारच्या आवाराच्या बाजूने गेलो. तिथे फरशीवर एका बाईंनी तुळशीची कुंडी ठेवली होती, ती किंचित कलली होती. त्या म्हणाल्या, हे दोन दिवसांत झालंय. बांबूने फरशी ठोकत गेलो तर दीड-दोन मीटरच्या पट्ट्यात पोकळ वाजत होती. फरशी काढली. खाली माणूस बसेल एवढा खड्डा, आणि त्यात फुटलेल्या जुन्या पाण्याच्या लाइनचं पाणी शांतपणे वाहत होतं. तीन आठवडे आम्ही भूजल समजून जे उपसत होतो ते महापालिकेचं पिण्याचं पाणी होतं, आणि ते सोबत सोसायटीखालची माती घेऊन येत होतं. त्या दिवशी पोकळीत ग्राउट, म्हणजे सिमेंटचा पातळ काला, भरत रात्र झाली. त्यानंतर मी पाण्यात क्लोरीनचा वास येतो का हेही बघतो.

तेव्हा प्लॅस्टर नाही. पद्धत अशी: फटीतली सैल माती हाताने खरवडायची, जाळी लावून पाइलला डॉवेलने, म्हणजे सळईच्या खुंट्यांनी, पकडायची, तळाशी नळी ठेवायची जिच्या मागच्या तोंडाला जिओटेक्स्टाइल, म्हणजे गाळणीचं कापड, गुंडाळलेलं आहे, म्हणजे पाणी येईल पण माती येणार नाही, आणि मग शॉटक्रीट. फट मोठी असेल तर मागून ग्राउट. आणि हे खोदाई दीड मीटर खाली गेली की दर वेळी, एकदम शेवटी नाही. पुढे चिखलाचा थर संपून मुरूम लागतो ती रेघ खास सांभाळा. पाणी बहुतेक तिथूनच येतं.

कोलोनमध्ये 3 मार्च 2009ला शहराच्या अभिलेखागाराची इमारत भुयारी रेल्वेच्या खोदाईत कोसळली, दोन जण गेले. तिथे तर डायफ्राम वॉल, म्हणजे जमिनीत ओतलेली सलग काँक्रीटची भिंत, होती, आपल्या टच पाइलपेक्षा कितीतरी वरचा प्रकार. त्या भिंतीत एका जागी दोष राहिला होता, तिथून पाणी आणि वाळू आत आली. भिंत बाकी सगळीकडे उत्तम होती.

पाण्याचा दुसरा धोका कमी दिसतो. तुम्ही खड्ड्यातून पंप चालवता तसं बाहेरचं पाणीही खाली जातं. पाणी एक मीटर उतरलं की खालच्या मातीच्या कणांवर चौरस मीटरला एक टन भार वाढतो, कारण पाण्याने उचलून धरलेलं वजन मातीला घ्यावं लागतं. चार मीटर उतरलं तर चार टन. राहत्या इमारतीचा एक मजला चौरस मीटरला साधारण एक टन, थोडं जास्तच. म्हणजे तुम्ही न सांगता सोसायटीखालच्या चिखलावर आणखी तीन-चार मजले चढवले. चिखल सावकाश दबतो, म्हणून तडे तुम्ही काम संपवून गेल्यावर येतात. सीमेबाहेर दोन पिझोमीटर, म्हणजे जमिनीतल्या पाण्याची पातळी मोजणाऱ्या नळ्या, असायलाच हवेत. नसतील तर आता मारा. सोसायटीशी भांडण झाल्यावर मारलेल्या पिझोमीटरला आधीचं रीडिंग नसतं.

सोसायटी किती जवळ आहे हेही मोजून बघा. 30 अंशांच्या मातीत घसरायला तयार असलेला त्रिकोण भिंतीपासून वरती खोलीच्या साधारण 0.58 पट लांब पोचतो. 9 मीटरला 5.2 मीटर. तुमची सोसायटी 3 मीटरवर, म्हणजे तिच्या पुढच्या खांबांचे पाये त्या त्रिकोणात बसलेत, मागचे बाहेर. पुढचे बसणार, मागचे जागेवर राहणार, आणि तडा मधल्या खोलीत येणार. मऊ चिखलात बसण्याचा परिणाम तर याहूनही लांब जातो. राल्फ पेक यांनी 1969 मध्येच खोदाईच्या खोलीच्या दुपटीपेक्षा जास्त अंतरापर्यंत तो दाखवला होता. भिंतींना तडे सुरू होण्याची नेहमीची सावध मर्यादा 1/500 धरतात. दोन खांबांत 5 मीटर असेल तर 10 मिमीचा फरक. तुमचा कॅपिंग बीम 18 मिमी हललाय. जमीन भिंतीइतकीच बसते असं नाही, पण दूरही राहत नाही.

त्यावरून तिसरा प्रश्न. 25 मिमी ही मर्यादा कुठून आली? बहुधा 12 मीटरच्या 0.2 टक्के, म्हणजे 24, आणि गोल करून 25. ती पूर्ण खोदाईची मर्यादा आहे. तुम्ही साडेपाच मीटरवर आहात. निम्मी वाट चालायच्या आत डब्यातली तीन चतुर्थांश भाकरी संपली. नेमका प्रश्न हा आहे की या टप्प्याला डिझायनरच्या गणितात किती हालचाल होती. त्याच्याकडे टप्प्याटप्प्याचा तक्ता असतो: पहिल्या अँकरआधी इतकी, ओढल्यावर इतकी, दुसऱ्याआधी इतकी. तो तक्ता मागा. माझा अंदाज, पहिल्या अँकरआधीच जास्त खोदलं गेलं. अँकर नसताना भिंत नुसती खांबासारखी उभी असते, आणि तिच्या वरच्या टोकाची हालचाल खोलीच्या पाचव्या घाताने वाढते. खोली दुप्पट झाली तर हालचाल 32 पट. साडेतीन मीटरऐवजी साडेचार खोदले, तर एक मीटरच जास्त वाटतो, पण हालचाल साडेतीनपट होते. आणि एकदा आलेली हालचाल अँकर ओढून फारशी परत जात नाही.

आकड्यापेक्षा वेग बघा. गेल्या आठवड्यात किती वाढला? खोदाई थांबलेली असताना दिवसाला शून्य ते अर्धा मिमी असेल तर ठीक. खोदाई बंद, पाऊस नाही, आणि तरी रोज 1 मिमी येतोय, तर चिखल सरकतोय किंवा अँकर ढिला होतोय. कुठला ते शोधायचं. पाच-सहा अँकरवर जॅक लावून लिफ्ट-ऑफ करा, म्हणजे डोकं प्लेटवरून सुटतं तो भार मोजा. लॉक केलेल्या भाराच्या 90 टक्क्यांखाली निघाला तर ग्राउटची पकड तपासावी लागेल. जॅकच्या गेजचं कॅलिब्रेशन कधीचं आहे ते आधी बघा. मी एकदा दोन दिवस घाबरलो होतो, आणि शेवटी गेजच 12 टक्के कमी दाखवत होता.

आणि मर्यादा ओलांडली की मर्यादाच वाढवायची, हे कुणी सुचवलं तर त्याला सिंगापूर सांगा. 20 एप्रिल 2004, निकोल हायवे. मेट्रोसाठी सुमारे 33 मीटर खोल जाणारी खोदाई, 0.8 मीटर जाड डायफ्राम वॉल, आत स्टीलच्या स्ट्रटचे, म्हणजे समोरासमोरच्या भिंतींमधल्या आडव्या टेक्यांचे, दहा थर. नऊ बसले होते, दहाव्यासाठी खाली खोदलं जात होतं. सकाळी स्ट्रट आणि वेलरच्या, म्हणजे भिंतीलगतच्या आडव्या तुळईच्या, जोडांपाशी लोखंड वाकायला लागलं, काही तासांत सगळं कोसळलं, चार माणसं गेली. चौकशीत दोन मोठ्या चुका निघाल्या. मऊ चिखलाची ताकद संगणकात अशा रीतीने धरली होती की ती खऱ्यापेक्षा जास्त निघाली, आणि जोडावरच्या पट्ट्यांच्या जागी पुढे चॅनल घातले गेले, जे एकदा वाकले की ताकद सोडून देतात. पण मला त्यात सगळ्यात बोचतं ते तिसरं: भिंतीची हालचाल मर्यादेपलीकडे जात होती, आणि दर वेळी नव्याने गणित मांडून मर्यादा वर सरकवली गेली. उपकरणं सांगत होती. ऐकणाऱ्यांनी आकडा बदलला.

पावसाआधी खाली जायची साहेबांची घाई मला कळते. सांताक्रूझला 26 जुलै 2005ला एका दिवसात 944 मिमी पडला होता, आणि त्या दिवशी उघडा खड्डा असलेला प्रत्येक माणूस अजून ती तारीख विसरलेला नाही. जून 2018च्या शेवटच्या आठवड्यात अँटॉप हिलला सोसायटीच्या आवाराची जमीन खचून गाड्या शेजारच्या खोदाईत गेल्या. 29 जून 2019च्या मध्यरात्रीनंतर कोंढव्यात सोसायटीची सीमाभिंत शेजारच्या बांधकामावरच्या मजुरांच्या झोपड्यांवर पडली, 15 जीव गेले, त्यात लहान मुलंही होती. दोन्ही वेळा जूनचा शेवट. पहिले दोन-तीन मोठे पाऊस भरावात मुरतात, वजन वाढतं, चिखलाची वरची साय मऊ होते, आणि मग. तुमच्या साईटवर मजुरांच्या खोल्या कुठे आहेत? खड्ड्याच्या काठाला किंवा कुठल्याही जुन्या भिंतीच्या पायथ्याशी असतील तर बाकी सगळं सोडून आधी त्या हलवा.

पण पावसाआधी अर्धवट आधाराने 12 मीटरवर असण्यापेक्षा पूर्ण आधाराने 7 मीटरवर असणं कितीतरी बरं. साहेबांना वेळेचा हिशेब द्या. दुसरी ओळ ड्रिल करून, ग्राउट पिकायला सात-आठ दिवस देऊन, टेस्ट करून लॉक करायला एक रिग असेल तर बाजूला साधारण तीन आठवडे. सगळ्या बाजू एकदम करायच्या नाहीत. सोसायटीची बाजू आधी घ्या. बाकी बाजूंना मध्ये खोदत राहा, कडेला मातीचा उतार ठेवून. तो उतार तोवर फुकटचा आधार. मे अखेर कातळ लागला नाही तर थांबा. पाऊस संपेपर्यंत कॅपिंग बीमच्या मागे भरावावर काँक्रीटची पट्टी आणि गटार करून वरचं पाणी बाहेर काढा, पंपाला जनरेटरची जोड द्या, काठापासून तीन मीटरच्या आत ना खडी, ना डंपर. पुनर्विकासाच्या कामात आणखी एक भीती असते, ती बोलायला कुणाला आवडत नाही: पैसा अडकतो, कुणी कोर्टात जातं, आणि वर्षाचा खड्डा चार वर्षं उघडा राहतो. तात्पुरते अँकर साधारण दोन वर्षांच्या हिशेबाने केलेले असतात, त्यांच्या स्ट्रँडला गंजापासून कायमचं आवरण नसतं. तेव्हा दोन ओळी असलेली भिंत निदान काही काळ तग धरेल. एका ओळीची नाही.

अँकर सोसायटीखालून जातात का? साडेसहा मीटरवरून 15 अंशांनी जाणारा अँकर उथळ पायांच्या बराच खाली राहतो, पण ती इमारत पाइलवर असेल तर ड्रिल सरळ पाइलमध्ये घुसेल. जुना आराखडा मागा. लेखी संमती घेतली नसेल तर घ्या, आणि काम झाल्यावर अँकर सोडल्याचं पत्रही द्या. पंधरा वर्षांनी ती सोसायटी पुनर्विकासाला गेली की त्यांच्या रिगला तुमच्या स्ट्रँडचा गुंता लागतो, दिवसभराचं काम वाया जातं. माझ्या एका कामात आम्हाला असा जुना गुंता लागला होता, कुणाचा ते कळलंच नाही. संमती मिळत नसेल तर अँकर सोडून आतून स्ट्रट किंवा रेकर, म्हणजे तिरके टेके, घ्यावे लागतील. ते बेसमेंटच्या कामात आड येतात, सगळे कुरकुरतात, पण ते भक्कम असतात.

आणि सोडण्याचा क्रम. खालचा अँकर तेव्हाच सोडायचा जेव्हा राफ्ट झालीय आणि राफ्टची कड ते पाइल ही फट काँक्रीटने भरलीय. वरचा तेव्हा, जेव्हा त्याच्या खालच्या स्लॅबने तीच जागा घेतलीय. फट मातीने भरून चालत नाही.

शेवटी, साहेबांना कसं सांगायचं. वाद घालू नका. डिझायनरला एक मेल करा: दुसरी ओळ न घेता 12 मीटरपर्यंत जायची साईटची इच्छा आहे, या अवस्थेची अँकरची, टाचेची आणि पाइलच्या मोमेंटची तपासणी करून लेखी कळवा. साहेबांना प्रत टाका. हो म्हणून सही करणारा डिझायनर मला अजून भेटलेला नाही.

तोवर रात्रपाळीला सांभाळा. डंपर रात्रीच सुटतात, त्यामुळे खोदाई रात्रीच होते, आणि पोकलेनच्या ऑपरेटरला ड्रॉइंगमधला आरएल, म्हणजे पातळीचा आकडा, माहीत नसतो. माझ्याकडे एकाने एका रात्रीत अँकरच्या पातळीखाली दीड मीटर काढलं होतं, कारण मुकादम म्हणाला गाड्या उभ्या आहेत. सकाळी कॅपिंग बीम 14 मिमी पुढे. दुपारपर्यंत त्याच पोकलेनने तीच माती परत टाकून दाबली, ऑपरेटर दिवसभर गप्प होता. तेव्हापासून मी पाइलवर तेलरंगाने आडवा लाल पट्टा मारून घेतो, वीतभर रुंद, दर पाच-सहा पाइलला, रात्री हॅलोजनमध्ये दिसेल असा. तुमच्याकडे तो आज 7 मीटरवर मारा, साडेसहाच्या अँकरला ड्रिल उभं करायला अर्धा मीटर पुरतो. पट्ट्याखाली बकेट जाणार नाही. त्या बाजूचे अँकर टेस्ट होऊन लॉक झाले की मगच तो पुसून पुढचा मारायचा, आणि पुसायचा अधिकार मुकादमाकडे द्यायचा नाही.